लोहगावला उतरताना

सीपीयू दोन पायांच्या मध्ये उभा ठेवून विश्रांतवाडीपासून बुधवार पेठेपर्यंत स्कूटी चालवून दाखवावी कुणीही, आपण हात जोडू! दीपालीनं ते करून दाखवलं होतं. तेही श्रावणातल्या भुरभुरीत, रेनकोट सीपीयूला घालून आणि स्वतः चिंब भिजून. दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत ती 'रामदास कॉम्प्युटर्स'च्या पायरीशी पोहोचली, सीपीयू उचलला, पायरीवर पाय ठेवला, आणि ओल्या फरशीवरून तो पाय असा सटकला की विचारू नका.

आतून एक तरुण झेपावला. त्यानं अलगद, दोन्ही हातांनी, लहान मूल झेलावं तसं झेललं... सीपीयूला. दीपाली बसली पायरीवर.

"लागलं नाही ना?" त्यानं काळजीनं विचारलं.

"नाही, मी—"

"तुम्हाला नाही, ह्याला." असं म्हणून त्यानं सीपीयू कानाशी धरून हलवून पाहिला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि बिचाऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुम्हालाही. लागलं का हो?"

गल्ल्यावरून रामदासशेठ म्हणाले, "प्रज्ञेश, गिऱ्हाईक जिवंत असलं तर आत घे. पायरी अडलीये."

दीपालीला राग यायला हवा होता. पण तो इतका ओशाळला होता, आणि हातातला सीपीयू अजून पोटाशी धरून उभा होता, की तिला हसूच फुटलं. कपाळावर आलेले केस मागं सारत ती उठली आणि म्हणाली, "विमान नीट उतरत नाहीये."

आता दीपालीची ही तऱ्हाच होती. हडपसरच्या एका आयटी पार्कात ती टेस्टर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या आणि पहिल्या वाक्यात मुद्द्याचं सांगायचं, ही सवय. मग तिनं सगळं सांगितलं. वडील, म्हणजे तात्याराव, एकतीस वर्षं लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर नोकरीला होते. झाडायचं, खडा वेचायचा, पांढरे पट्टे रंगवायचे. जन्मभर विमानं डोक्यावरून गेली, पण विमानात काही ते बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आई गेली, हृदयविकाराच्या एका झटक्यात. त्या दिवसापासून तात्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते तीन महिन्यांपूर्वी उघडलं, दीपालीनं विमान उडवायचा गेम आणि त्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं तेव्हा. गेममध्ये लोहगावची धावपट्टी होती. तात्या रोज संध्याकाळी विमान वर न्यायचे, पुण्याला एक चक्कर मारायचे आणि उतरायला यायचे. नेमकं तेव्हाच चित्र अडखळायला लागायचं, एक-एक पान उलटल्यासारखं. आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळायचं.

"रोज?" प्रज्ञेशनं विचारलं.

"रोज. तात्या म्हणतात, माझ्याच धावपट्टीवर माझ्या हातून विमान पडतंय. आठ दिवस झाले, पुन्हा गप्प झालेत. म्हणतात, आयुषला देऊन टाक ते यंत्र. आयुष आमचा चुलतभाऊ. तो रविवारी न्यायला येणार आहे." बोलता बोलता तिचा आवाज जरा ओला झाला. "मला तात्यांचा आवाज परत हवाय. गेम गेला चुलीत."

प्रज्ञेशनं स्क्रू काढायला सुरुवात केली. त्याची बोटं लांब, सावळी, आणि विलक्षण सावकाश होती. धूळ फुंकली. कार्ड काढून पुसून बसवलं. पंखे बोटानं फिरवून पाहिले. मग गेम सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा आणला. साठ.

"हे काय?"

"एका सेकंदात हा किती चित्रं काढतोय, ते. चुटकी वाजवा."

दीपालीनं वाजवली.

"झाली साठ. प्रत्येक ढग, प्रत्येक झाड, मुळा-मुठेवरचं ऊन... सगळं पुसलं आणि नव्यानं काढलं. तुमची चुटकी वाजेपर्यंत साठ वेळा." त्याचा आवाज हळू झाला होता, बुद्धविहारात बोलावं तसा. "मी सहा वर्षं हेच करतोय. पण दर वेळी हा आकडा साठला गेला ना, की मला... म्हणजे, खरंच वाटत नाही."

दीपालीनं पडद्याकडे पाहिलं. रोज बँकेचे फॉर्म तपासणाऱ्या त्या मुलीनं कॉम्प्युटरकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. खाली पुणं सरकत होतं, टेकड्या, नदी, पूल. आणि ते सगळं क्षणाक्षणाला कुणीतरी नव्यानं काढत होतं, न थकता. तिच्या अंगावर शहारा आला. तो ओल्या कपड्यांचा होता असं तिनं स्वतःला सांगितलं. शेजारी पाहिलं, तर तो पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता. दोघांनीही घाईघाईनं नजरा हिरव्या आकड्यावर नेऊन ठेवल्या.

चाळीस मिनिटं गेम चालला. साठचा एकोणसाठ झाला नाही.

"माझ्याकडे तर चालतंय," प्रज्ञेश म्हणाला.

"ओ!" दीपालीनं कंबरेवर हात ठेवले. "हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकते. तुमच्याकडे चालतंय म्हणजे बग नाही, असं होत नाही."

"घरी कुठं ठेवता? कपाटात, कोपऱ्यात? कोंडला की हा तापतो, आणि तापला की आपणहून मंद होतो. जीव वाचवायला."

"खिडकीशेजारी. मोकळं टेबल आहे, वरती पंखा आहे."

आणि हे तिनं अगदी मनापासून सांगितलं, बरं का.

घरी नेला. संध्याकाळी तात्या बसले. दहाव्या मिनिटाला आकडा अकरावर आला आणि विमान आदळलं.

गुरुवारी दीपाली पुन्हा बुधवारात. ह्या खेपेस पायरी जपून चढली, आणि पंजाबी ड्रेस जरा बरा घातला होता, ते कशाला ते तिलाच माहीत. प्रज्ञेशनं कार्डाचं नवं ड्रायव्हर-सॉफ्टवेअर घातलं, गेममधल्या सावल्या कमी केल्या, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. चालला. साठ. घरी पुन्हा अकरा. शुक्रवारी परत दुकानात. साठ. मधल्या वेळात दोन कटिंग चहा, एक वडापाव, आणि बऱ्याच गप्पा झाल्या. तो दापोडीचा होता. आईला कानानं कमी ऐकू येतं म्हणून सावकाश बोलायची सवय लागली होती. दीपाली भराभर बोलते हे त्याला फार आवडत होतं, असं त्यानं सांगितलं, आणि मग पुढं बराच वेळ स्क्रू मोजत बसला.

"आमचं दुकान तुम्हाला सापडलं कसं?" त्यानं विचारलं. "मेन रोडवर एवढी दुकानं आहेत."

दीपालीनं पर्समधून एक मळकं कार्ड काढलं. रामदास कॉम्प्युटर्स. "आईच्या पर्समध्ये होतं. ती गेल्यावर सापडलं. मी पीसी घेणार म्हणून तिला सांगितलं होतं, तिनंच कुणाकडून मागून आणलं असेल. म्हणून पीसीही इथूनच घेतला. त्या दिवशी तुम्ही दुकानात नव्हतात." कार्डाच्या मागं आईच्या अक्षरात तीन आकडे होते. सतरा, साडेसात, अठरा. "आई ब्लाउज शिवायची. कुणाचं तरी माप असेल."

रामदासशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "तीन दिवस झाले, प्रज्ञेश. सीपीयू दुरुस्त होतोय की पाहुणचार चाललाय? चहाचं बिल त्याच्यावर लावू का?"

"शेठ, आजार घरी आहे," प्रज्ञेश म्हणाला. "उद्या दुपारी मी विश्रांतवाडीला जाऊन येतो."

शेठनी चष्म्याच्या वरून दोघांकडे पाहिलं. "जा. आजार कुणाचा आहे तेही बघून ये."

शनिवारी तो आला. पावसानं उघडीप दिली होती, रस्त्यावर ऊन चकचकत होतं. दारात तात्या उभे होते, झिजलेली पण कडक इस्त्रीची खाकी पँट घालून.

"जयभीम, काका."

"जयभीम. या, बसा." तात्या एवढंच बोलले. मग टेबलाकडं हात करून म्हणाले, "हे आमच्या सुंदराबाईनं शिवलेलं आहे. यंत्र यायच्या आधीच. शेवटचं."

खिडकीशेजारी सीपीयू होता. मोकळं टेबल होतं, वर पंखाही होता. आणि सीपीयूच्या अंगावर निळ्या जाड कापडाचं, पांढऱ्या किनारीचं, डोक्यापासून तळापर्यंत नेटकं बसलेलं कव्हर होतं. त्या घरात टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, टेलिफोनला तर झालर लावलेलं होतं. माउलीनं घरातलं काही म्हणून उघडं ठेवलं नव्हतं.

प्रज्ञेशनं कव्हर पाहिलं. क्षणभर त्याचे ओठ हलले. मग तो खुर्ची ओढून भिंतीशी बसला.

"दीपाली," तो म्हणाला, पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन, "तुम्ही टेस्टर आहात ना? काका रोज जे करतात ते त्यांना करू द्या. तुम्ही एक-एक पायरी लिहा. काहीही सोडू नका."

दीपालीला हे आवडलं. तिनं वही घेतली. एक, तात्यांनी हात धुतले. दोन, खुर्चीवर उशी ठेवली. तीन, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं पाहिलं. चार, कव्हरचा पुढचा कोपरा उचलून बटण दाबलं. पाच, कोपरा खाली सोडला. सहा, कव्हरवरून हात फिरवला...

आणि पेन थांबलं.

रस्त्यावर चिखल उडेल म्हणून दुकानात नेताना दर वेळी ती स्वतःच्या हातानं हे कव्हर काढून, घडी घालून, आईच्या साड्यांत ठेवत होती. आणि घरी आल्यावर दर वेळी चढवत होती. तीन वेळा तपासलं, तीन वेळा विचार केला, पण हे तिच्या यादीत आलंच नाही. कसं यावं? तिच्या लेखी ते कव्हर नव्हतंच. ती आई होती.

पडद्यावर विमान वर गेलं. साठ. पुण्याला चक्कर झाली. बावन्न. चाळीस. लोहगाव दिसायला लागलं, एकोणीस, अकरा. तात्या पडद्याकडं वाकले. चित्र अडखळलं, अडखळलं, आणि विमान पट्टीच्या अलीकडे आदळलं.

"बघा," तात्या म्हणाले. "एकतीस वर्षं एक खडा राहू दिला नाही मी तिथं. नेऊ दे उद्या आयुषला." आणि ते उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

दीपाली स्वयंपाकघरात गेली. मागून प्रज्ञेश आला.

"तुम्हाला आल्या आल्याच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या आईनं शिवलेलं काढून ठेवा म्हणून? काकांनी ते शेवटचं आहे म्हटलं, तेव्हा माझी जीभच उचलेना. म्हटलं, तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तसं. नाही म्हणालात, तर पॉवर सप्लाय खराब आहे असं सांगून गप्प बसेन."

दीपालीचे डोळे भरून आले. आजवर भेटलेल्या हुशार माणसांनी तिला तिच्या चुका पटापट दाखवल्या होत्या. चूक दिसूनही, ती आपली आपल्याला दिसेपर्यंत भिंतीशी बसून राहणारा हा पहिलाच. "काय करू मी?" ती म्हणाली. "गेम गेला तर तात्या पुन्हा मुके होतील. आणि कव्हर काढा म्हटलं, तर... मला नाही हो जमणार ते. कुणी आईला घराबाहेर काढा म्हटल्यासारखं होईल त्यांना."

प्रज्ञेशनं बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला ते एकदा हातात घेऊन बघू द्याल?"

तो टेबलापाशी गुडघ्यावर बसला. कव्हर काढलं नाही, नुसता हात लावला. आतून ऊब येत होती. पुढच्या बाजूला खाली दोन नाड्या होत्या, तात्यांनी वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून एकमेकींना बांधून टाकलेल्या. मागच्या बाजूलाही दोन. तो नाड्यांकडं बघत राहिला. मग त्याची नजर वर सरकली. वरच्या किनारीला चार बारीक फासे शिवलेले होते, रिकामे.

"दीपाली... हे फासे कशाला?"

"शोभेला असतील."

"शोभेच्या वस्तूला इतकी पक्की शिलाई?" त्यानं पुढच्या नाड्या सोडल्या. पुढचं कापड दोन्ही बाजूंनी शिवलेलं नव्हतंच, दाराच्या पडद्यासारखं नुसतं लोंबत होतं. त्यानं ते खालून हलके गुंडाळत वर नेलं, नाड्या फाशांतून ओवल्या, गाठ मारली. मागं तेच केलं. सीपीयूचं तोंड मोकळं झालं, पाठ मोकळी झाली, आणि निळं कव्हर अंगावर तसंच राहिलं, पदर खोचून कामाला उभ्या राहिलेल्या बाईसारखं.

मग तो तिथंच खाली बसला. चेहरा असा झाला होता की दीपाली घाबरलीच.

"काय झालं हो?"

"फोटोतल्या चेहऱ्यावरून लक्षात आलं नाही मला. तुमची आई... उंच होती? डाव्या हातात दोन हिरव्या बांगड्या, आणि गळ्यात शिंप्याची टेप?"

दीपालीनं मान डोलावली.

"अहो, आल्या होत्या त्या दुकानात! दोन-अडीच वर्षं झाली असतील. शेठ जेवायला गेलेले. म्हणाल्या, बाळा, माझी लेक हे यंत्र घेणार आहे, मला ह्याचं माप घेऊ दे. मी सीपीयूची रिकामी कॅबिनेट काढून दिली. माप घेऊन झाल्यावर त्या तिच्याभोवती फिरल्या, आणि मला विचारलं..." त्यानं निळ्या कापडावर हात ठेवला. "विचारलं, हा श्वास कुठून घेतो रे?"

तात्या कधी दारात येऊन उभे राहिले होते, ते कुणाला कळलं नाही.

"मी सांगितलं, मावशी, पुढून घेतो, मागून सोडतो. त्या म्हणाल्या, मग चालू असताना पुढचं-मागचं वर बांधायला हवं. मला हसू आलं होतं तेव्हा, खोटं कशाला सांगू. सहा वर्षांत हजार गिऱ्हाइकं आली. किंमत विचारली, वॉरंटी विचारली. हा श्वास कुठून घेतो, हे एका माणसानं विचारलं."

दीपालीनं पर्समधून कार्ड काढलं. टेबलाच्या खणातली टेप घेऊन तिनं माप लावलं. उंची सतरा. रुंदी साडेसात. खोली अठरा.

कुणाच्याच ब्लाउजचं नव्हतं ते. जे यंत्र आईनं कधी चालू झालेलं पाहिलं नाही, त्याच्या श्वासाची सोय ती बाई करून गेली होती, आणि ही दोघं बाप-लेक मायेनंच त्या नाड्या खाली आवळून बसली होती. दीपाली ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसलीही.

तात्या पुढं आले. वाकून त्यांनी वरच्या गाठी चाचपल्या. एक गाठ सोडून पुन्हा नीट फुलाची बांधली. मग हात धुऊन आले, खुर्चीवर उशी ठेवली, फोटोकडं पाहिलं आणि बटण दाबलं. ह्या वेळी कोपरा उचलावा लागला नाही.

विमान वर गेलं. खाली विश्रांतवाडी गेली, येरवडा गेला, पुलाखाली नदी चमकली. दहा मिनिटं. साठ. पंधरा मिनिटं. साठ. विमान वळलं, आणि समोर लोहगावची धावपट्टी उलगडत आली, लांब, स्वच्छ, पांढऱ्या पट्ट्यांची. घरात कुणी श्वासही घेत नव्हतं. दीपालीच्या हाताला प्रज्ञेशचा हात लागला, आणि कुणीच तो काढून घेतला नाही.

चाकं टेकली. विमान धावलं, मंद झालं, थांबलं.

तात्यांनी चष्मा काढला. "सुंदरा," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत त्या घरानं तसा आवाज ऐकला नव्हता, "उतरलो गं मी."

मग ते बोलायलाच लागले. पट्टे कसे रंगवतात, पहाटे दव पडल्यावर डांबर कसं दिसतं, एकदा ससा कसा शिरला होता. प्रज्ञेशला त्यांनी तासभर सोडलं नाही. आयुषला फोन करून सांगितलं, "येऊ नकोस. आलास तर नुसता जेवायला ये."

ऊन उतरलं तेव्हा दीपाली त्याला कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत सोडायला आली. डोक्यावरून एक खरंखुरं विमान लोहगावकडं खाली चाललं होतं. दोघं मान वर करून बघत राहिले.

"झालं तर मग," प्रज्ञेश म्हणाला. "तक्रार संपली. आता दुकानात यायचं काही... म्हणजे, कारण नाही."

"कोण म्हणतं? एकदा चाललं म्हणून टेस्टर बग बंद करत नाही."

"किती वेळा तपासता?"

"ह्या बाबतीत..." दीपालीनं रस्त्यावरच्या ओल्या खडीकडं पाहिलं, मग सरळ त्याच्या डोळ्यांत. भराभर बोलणारी ती मुलगी ह्या वेळी अगदी सावकाश बोलली. "ह्या बाबतीत जन्मभर तपासायला आवडेल मला. तुम्ही मला आवडता, प्रज्ञेश. खूप. आणि आता हे अहो-जाहो पुरे."

त्याचा चेहरा पुन्हा कानापर्यंत लाल झाला. बस आली, थांबली, गेली. त्यानं बसकडं वळूनही पाहिलं नाही.

"एक गोष्ट मघाशी सांगितली नाही," तो म्हणाला. "काकांसमोर धीर झाला नाही."

"कसली?"

"माप घेऊन झाल्यावर मावशी पायरी उतरल्या. मग परत वर आल्या. मला जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, लग्न झालंय का रे तुझं?"

"आणि... तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, बरं." प्रज्ञेशनं तिचा हात हातात घेतला. "आणि दुकानाचं कार्ड मागून घेतलं."